करंटनं पाय उचलतो, पण कोणाचा?

आजचा विषय कागदावर जरा जड वाटतो: विजेनं उपचार करणारी यंत्रं आणि चालायला-फिरायला मदत करणारी साधनं. सावलीत मात्र हाच विषय एका साध्या प्रश्नात विचारला जातो. 'लकवा झालाय, करंट दिला तर पाय येईल का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देणाऱ्यापासून सावध राहायला हवं. ते का, हे समजून घेण्यासाठी आपण आज बसलो आहोत.

आधी या प्रश्नाचं वजन पाहू. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. त्या जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी मृत्यूंची कारणं तपासली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं झालेले होते. म्हणजे दर सात मृत्यूंत एक. लकवा हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या माणसांचा आजार आहे अशी जी समजूत होती, ती या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि हे झाले दगावलेले. जे वाचतात, त्यातले कितीतरी जण एक हात-पाय घेऊन घरी बसतात. त्यांच्या घरचे मग गाडी करून नागपूरला जातात, कोणी जडीबुटीवाल्याकडे जातात, कोणी 'मशीन' शोधतात.

दुसरीकडे, चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेले जिल्हे आहेत, आजही. कुष्ठरोगातही पाय जातो. चालताना पाऊल वर उचलत नाही, पुढचा भाग जमिनीवर घासतो, माणूस ठेच लागू नये म्हणून गुडघा जास्त वर उचलून चालतो. लकव्यातही पाऊल असंच लोंबतं, फक्त तिथे माणूस अख्खा पाय बाहेरून गोल फिरवत आणतो. डॉक्टर दोन्हीला एकच शब्द वापरतात: फूटड्रॉप. नाव एक, पण आतली गोष्ट पूर्ण वेगळी. आजच्या बोलण्याचा गाभा इथेच आहे.

शेतातली मोटर डोळ्यांसमोर आणा. मोटर चालत नाही. कारण काय? एक शक्यता अशी की मागून पुरवठाच बंद आहे, डीपीपासून मोटरपर्यंतची केबल ठणठणीत आहे. अशा वेळी जवळ जनरेटर आणून त्याच केबलला जोडला तर मोटर फिरेल. दुसरी शक्यता अशी की पुरवठा चालू आहे, पण मधली केबलच उंदरांनी खाल्ली आहे. आता त्या केबलला कितीही मोठा जनरेटर जोडा, मोटर हलणार नाही.

लकव्यात बहुतेक वेळा पहिली गोष्ट घडते. मेंदूत रक्ताची गाठ अडकते किंवा रक्तस्राव होतो, आणि हुकूम सुटणारी जागाच बंद पडते. पण पाठीच्या कण्यातून पायापर्यंत गेलेली नस आणि पोटरीचे स्नायू शाबूत असतात. कुष्ठरोगात दुसरी गोष्ट. जंतू थेट नसेवर हल्ला करतात. पोलिओत तर ती नस जिथून निघते त्या मज्जारज्जूतल्या पेशीच मरतात, म्हणजे केबल मुळापासून सुकते.

आता आपला हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली न्या. हाताला हाडाची एक गोटी लागेल. त्या गोटीच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना हीच नस चालवते. उघड्यावर असल्यामुळे तिला बाहेरून करंट देणं सोपं. आणि उघड्यावर म्हणजेच थंड जागी असल्यामुळे कुष्ठरोगाच्या जंतूंनाही हीच जागा आवडते. वीज देणाऱ्या यंत्राचा पट्टा जिथे बांधतात, तिथेच कुष्ठरोग नस मारतो. एकाच बोटभर जागेवर दोन आजारांची वाट फुटते.

हे ज्ञान एका दिवसात आलं नाही. विजेचा मासा पायाखाली ठेवून संधिवाताचं दुखणं घालवायचा सल्ला रोमन काळातल्या वैद्यानं लिहून ठेवला आहे. १७९१ मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीनं मेलेल्या बेडकाच्या तंगडीला झटका देऊन ती हलवून दाखवल्याचं प्रसिद्ध केलं. १८३१ मध्ये फॅरडेनं चुंबकातून वीज काढण्याचं तत्त्व शोधलं आणि त्यावरून निघालेला तुटक-तुटक करंट फ्रान्सच्या दुशेन नावाच्या डॉक्टरनं माणसाच्या एकेका स्नायूला देऊन पाहिला. त्याचं पुस्तक १८५५ चं. आजही कुठल्याही फिजिओथेरपी विभागात गेलात तर 'फॅरेडिक' आणि 'गॅल्व्हॅनिक' हे दोन शब्द कानावर पडतील. ते या दोघांच्या नावांवरून आले आहेत.

पण यंत्र चालण्याच्या कामी आलं ते १९६१ मध्ये. अमेरिकेतल्या लिबरसन नावाच्या डॉक्टरनं लकव्याच्या रुग्णासाठी एक छोटं यंत्र बनवलं. कमरेला बॅटरीची डबी, गुडघ्याखालच्या त्या गोटीजवळ विजेचा पट्टा, आणि बुटाच्या टाचेत एक बटण. टाच जमिनीवर आहे तोवर बटण दाबलेलं, करंट बंद. टाच उचलली की बटण सुटतं, करंट सुरू होतो, पाऊल वर येतं. पाय पुढे पडून टाच टेकली की करंट पुन्हा बंद. बस, एवढंच! आम्हांला या शोधाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्या बटणाचं. वीज देणं दुशेनलाही येत होतं. वीज कधी द्यायची आणि कधी थांबवायची, हे रुग्णाच्या स्वतःच्या चालीवर सोपवणं ही खरी युक्ती होती. लिबरसनला आणखी एक गोष्ट दिसली: यंत्र काढल्यावरही काही रुग्णांचं पाऊल थोडा वेळ आपलं आपण उचलत होतं. जणू मेंदूला विसरलेली वाट जराशी आठवत होती. पुढे युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना शहरात यावर भरपूर काम झालं आणि आजची मनगटी घड्याळासारखी दिसणारी, गुडघ्याखाली बांधायची यंत्रं त्याच घराण्यातली आहेत.

म्हणजे लकव्याच्या रुग्णाला करंटनं फायदा होतो का? होतो, पाऊल उचलण्यापुरता होतो, आणि व्यायामाच्या जोडीनं होतो. पण लगेच पुढची गोष्ट सांगायला हवी. २०१३ आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांत विजेच्या यंत्राची तुलना साध्या प्लॅस्टिकच्या स्प्लिंटशी केली गेली. पोटरीच्या मागून तळव्याखाली जाणारा, इंग्रजी 'एल' अक्षरासारखा तो पांढरा स्प्लिंट तुम्ही पाहिला असेल. चालण्याच्या वेगात दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. परदेशी यंत्राची किंमत लाखाच्या घरात, स्प्लिंट त्याच्या कित्येक पट स्वस्त, बॅटरी लागत नाही, पावसात भिजला तरी बिघडत नाही. मग जमिनीचा तुकडा गहाण ठेवून यंत्र घ्यायचं कारण काय? आमचं मत विचाराल तर सावलीच्या रुग्णानं आधी नीट मापाचा स्प्लिंट घ्यावा, आणि वाचलेला पैसा रक्तदाबाच्या रोजच्या गोळीवर आणि पहिल्या सहा महिन्यांच्या व्यायामावर खर्च करावा. सुधारणा सगळ्यात वेगानं होते ती त्याच महिन्यांत. आणि सगळ्यात पहिली घाई तर त्याही आधीची: गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचा सीटी स्कॅन करून. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं की त्या क्षणी गाडी काढायची. 'सकाळी बघू' म्हटलं की ती वेळ गेली.

आता कुष्ठरोगाकडे. इथे आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण इथे करंट नुसता निरुपयोगी नाही, घातक ठरू शकतो.

जिवंत नसेला जागं करायला विजेचा फार छोटा टोला पुरतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचा. नस मेली असेल तर स्नायूला सरळ टोला द्यावा लागतो आणि तो शेकडो पट लांब लागतो. युरोपात असे प्रयोग झाले आहेत, मोठमोठे पट्टे बांधून, रोजच्या रोज, वर्षानुवर्षं. बाजारात मिळणाऱ्या साध्या मशीनचं ते काम नाही. ते मशीन लावल्यावर स्नायू हलला नाही की माणूस काय करतो? बटण वाढवतो. आणि कुष्ठरोगात तर कातडी बधिर असते. आपल्याला झोंबलं असतं, त्याला कळतच नाही. कातडी भाजते, फोड येतो, फोडाची जखम होते, त्या पायानं माणूस चालत राहतो. बधिर पायावरची जखम हाडापर्यंत गेली की पुढची पायरी पाय कापण्याची असते. शेकायच्या पिशवीचं, चुलीजवळ पाय ठेवण्याचंही तेच. म्हणून नियम साधा: ज्या कातडीला पेनाचं टोक टेकवलेलं कळत नाही, तिथे करंटचा पट्टा लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनाही हा नियम लागू.

मग कुष्ठरोगातल्या फूटड्रॉपला इलाज नाही का? आहे, आणि चांगला आहे. नसेची ताकद जाऊन सहा महिने झाले नसतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स देतात आणि बऱ्याच जणांची ताकद परत येते. म्हणून चप्पल पायातून सुटून मागे राहिली आणि कळलंच नाही, असं कोणी घरात सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका. ती फार मोठी खूण आहे. सहा महिने उलटून गेले तर शस्त्रक्रिया. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. तोच विचार पायालाही लागू पडला. पोटरीच्या मागच्या बाजूचा एक स्नायू पाऊल आत वळवतो, त्याची नस वेगळी असते आणि बहुधा वाचलेली असते. त्याची कंडरा सोडवून पुढे आणून पावलाच्या वरच्या भागाला जोडतात. आत वळवणारा स्नायू आता वर उचलायला लागतो. गंमत म्हणजे इथे शस्त्रक्रियेनंतर वीज पुन्हा कामाला येऊ शकते. या स्नायूला त्याचं नवं काम शिकवायला फिजिओथेरपिस्ट कधी कधी हलका करंट देतात, कारण याची केबल शाबूत आहे. एकाच रुग्णाच्या एकाच पायात एका जागी वीज निषिद्ध आणि दुसऱ्या जागी मदतीची! ही शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमात होते आणि त्या काळात बुडणाऱ्या मजुरीपोटी रुग्णाला रक्कमही मिळते.

वरोऱ्याचं आनंदवन आपल्याच जिल्ह्यातलं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनाबद्दल आपण सेवा, त्याग वगैरे शब्द पुष्कळ ऐकतो. आम्हांला आज तिथल्या चपलेबद्दल बोलायचं आहे. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. बारीक-बारीक बंद पोकळ्यांनी भरलेलं मऊ रबर. दाबलं की दबतं आणि पुन्हा वर येतं, त्यामुळे शरीराचं ओझं तळव्याच्या एका टोकावर न येता पसरतं. त्याखाली काटा आत येऊ न देणारा टणक तळ. आणि मुख्य म्हणजे खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं, कारण बधिर पायात वर आलेला खिळा दिवसभर रुतला तरी कळत नाही. मागे पट्टा, म्हणजे चप्पल सुटणार नाही. दक्षिणेत वेल्लोर-करिगिरीकडे ही पादत्राणं विकसित झाली आणि आनंदवनात ती बनवणारे हात स्वतः कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे होते. तीनचाकी सायकलीही तिथे बनत आल्या आहेत. ज्याला वापरायचं त्यानंच बनवायचं, यात दयेपेक्षा अक्कल जास्त आहे.

या चपलेत एक खोट मात्र राहिली. वर्षानुवर्षं ती एकाच साच्याची, एकाच रंगाची असायची. गावात ती चप्पल दिसली की रोग दिसायचा. म्हणून अनेकांनी ती घरात ठेवली आणि अनवाणी फिरले. साधन चांगलं असून वापरलं गेलं नाही ते रूपामुळे. आता बाजारातल्या सँडलसारखी दिसणारी एमसीआर पादत्राणं निघाली आहेत. आमच्या लेखी तो शोध पहिल्या शोधाइतकाच मोठा.

खुद्द बाबांचं शरीरही याच विषयात येतं. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं, मधली सोय नाही. तरी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रेत ते गेले, ते गाडीत बिछाना करून. कोणतंही नवं यंत्र नव्हतं. माणूस बसू शकत नाही ना, मग गाडी त्याच्याप्रमाणे बदला, एवढाच विचार. साधनांच्या बाबतीत हा विचार आपण फार कमी वेळा करतो.

व्हीलचेअरचंच बघा. शिबिरात वाटली जाते ती घडीची व्हीलचेअर १९३३ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीत जखमी होऊन अपंग झालेला खाण अभियंता. कोळशाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजवायला नको. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज. दोघांनी मिळून खाली फुलीच्या आकाराचे दांडे असलेली, मिटवता येणारी खुर्ची केली. कशासाठी मिटवायची? मोटारीत ठेवता यावी म्हणून. म्हणजे या खुर्चीनं गुळगुळीत फरशी आणि घरची मोटार गृहीत धरली आहे. तीच खुर्ची आपण बांधीच्या धुऱ्यावर आणली. पुढची दोन चाकं चिमुकली, धानाच्या चिखलात ती रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. चार चाकांपैकी एक खड्ड्यात गेलं की एक हवेत राहतं. चुलीला तीन दगड का असतात? तीन दगड कशाही जमिनीवर डळमळत नाहीत. खेड्यांसाठी बनलेल्या नव्या खुर्च्यांना म्हणून तीन चाकं असतात, पुढचं एकच, मोठं आणि लांब पुढे काढलेलं. उतारावर आडवी नेली तर ती कलंडू शकते, हेही सांगून ठेवतो.

हातानं फिरवायच्या तीन चाकांची कल्पना तशी फार जुनी. १६५५ मध्ये जर्मनीतल्या श्टेफान फार्फलर या अपंग घड्याळजीनं स्वतःसाठी अशी गाडी केली होती. आपल्याकडची ट्रायसायकल ही तिची नात. रस्त्यावर उत्तम, पण घरात शिरत नाही. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी जयपूर फूट संस्थेच्या मदतीनं भारतात एका वेगळ्या खुर्चीच्या चाचण्या घेतल्या. तिला दोन्ही बाजूंना उभे दांडे. दांडा वर धरून ढकलला तर जोर जास्त, चढ चढतो. खाली धरला तर वेग जास्त. गिअर बदलायचं काम माणसाचा हातच करतो, आणि भाग बहुतेक सायकलीचे. आयआयटी मद्रासच्या गटानं तर व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक काढलं, २०२१ मध्ये ते बाजारात आलं. ते जोडलं की रस्त्यावरची गाडी, सोडवलं की घरातली खुर्ची.

जयपूर फूटची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून एकच मुद्दा. १९६८ च्या आसपास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो केला. त्याआधीचा पाश्चात्त्य कृत्रिम पाय बुटासाठी केलेला होता. त्यात मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, पाण्यात उतरता येत नसे. रोवणीच्या दिवसांत असा पाय घेऊन काय करायचं? शर्मा मास्टरजींनी रबराचा, अनवाणी चालेल असा पाय केला. अभियंत्याला न दिसलेली गोष्ट कारागिराला दिसली.

इथे सावलीचीच एक आठवण सांगायला हवी. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं होतं, गांधीजी आले होते, खादीचं मोठं काम इथे चालत असे. त्याच्या काही वर्षं आधी, १९२९ मध्ये, चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. हलका हवा, साध्या झोपडीत चालायला हवा, बाईला आठ तास फार न दमता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाचा दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी. पण 'चरखा' शब्द काढून तिथे 'ट्रायसायकल' लिहा आणि शिबिराच्या मंडपात उभं राहून विचारा: हिची दुरुस्ती कोण करणार? सुटा भाग कुठे मिळणार? फोटो काढून झाल्यावर सहा महिन्यांनी गोठ्यात पडलेल्या किती गाड्या तुम्ही पाहिल्या आहेत?

दुखण्यासाठीच्या छोट्या मशीनबद्दल थोडक्यात. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांना एक फाटक असतं. लागलेल्या जागी आपण चोळतो तेव्हा ते फाटक थोडं मिटतं. 'टेन्स' नावाचं मशीन विजेच्या मुंग्यांनी तेच करतं. त्यानं काहींचं दुखणं काही वेळ कमी होतं. झिजलेला मणका भरून येत नाही. हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला कोणीच लावायचं नाही, गरोदरपणात पोटा-कमरेवर लावायचं नाही.

आणि मोबाइलवर फिरणारे ते व्हिडिओ, ज्यात कंबरेखाली निकामी झालेला माणूस उठून चालतो? ते खरे आहेत. स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातल्या गटानं २०१८ मध्ये मज्जारज्जूवर बसवलेल्या विजेच्या पट्टीनं रुग्णांना चालवून दाखवलं, आणि २०२३ मध्ये मेंदूतले इशारे वाचून ते त्या पट्टीपर्यंत पोचवून दाखवले. मोठी शस्त्रक्रिया, महिनोन्महिने सराव, मोजके रुग्ण. नागपुरात किंवा कुठे कोणी 'तेच मशीन' म्हणून पॅकेज विकत असेल, तर ते तेच नाही.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न घेऊन थांबतो. 'आजोबांना सरकारी व्हीलचेअर मिळाली, पण उंबरठ्यावर अडते. काय करू?' मोजपट्टी घ्या. उंबरठा जेवढा उंच, त्याच्या बारापट लांब उतार लागतो. उंबरठा अर्धा फूट असेल तर उतार सहा फुटांचा. त्यापेक्षा आखूड केला तर आजोबांना एकट्यानं चढता येणार नाही, आणि उतरताना खुर्ची सुटेल. मुरूम धुमसून वरून सिमेंट टाका, पृष्ठभाग झाडूनं खरबरीत करा, दोन्ही कडांना चार बोटं उंच विटांची ओळ लावा म्हणजे चाक खाली जाणार नाही. रुंदी खुर्चीच्या चाकांपेक्षा एक हात जास्त ठेवा. आणि युडीआयडी कार्ड काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणीचा दिवस कोणता आहे ते विचारून या. पुढच्या वेळी खुर्ची बदलून मागायची तर ते लागेल, आणि तेव्हा मोठ्या पुढच्या चाकाची मागा.